सूर्याजीरावांची मिसल

छप्पन सालच्या जुलैत दफ्तरात कागद फिरला. नोव्हेंबरात नवं राज्य होणार, आपलं दफ्तर लश्कर शहरातून उठून भोपाळला जाणार, आणि पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला त्याआधी डॉक्टरांच्या बोर्डासमोर उभं राहावं लागणार. बोर्डाने 'फिट' म्हटलं तर नव्या राज्यात नोकरी, नाहीतर पेन्शन घ्या आणि घरी बसा.

माधवरावांनी कागद तीनदा वाचला. मग मान वर करून पाहिलं ते समोरच्या टेबलाकडे. तिथे सूर्याजीराव बसलेले.

माधवराव रेकॉर्डचे मुख्य कारकून, वय त्रेपन्न. सूर्याजीराव त्यांच्या हाताखालचे, वय बावन्न. पण दोघांना शेजारी उभं करा आणि कुणालाही विचारा, तो सूर्याजीरावांना चाळिशीचे म्हणेल आणि माधवरावांना पाणी आणून देईल. माधवराव दफ्तराच्या बावीस पायऱ्या चढताना दोनदा थांबत, आणि थांबल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर बघत असल्याचं दाखवत. सूर्याजीरावांचं पोट सपाट, चाल शिपाईगड्यासारखी. आजा फौजेत होता म्हणे. माधवरावांचे पूर्वज दरबारात हिशेबनीस होते आणि तेवढं बसणं पिढ्यान्‌पिढ्या अंगात उतरलेलं.

"मी नापास झालो आणि तो पास झाला, तर माझी खुर्ची त्याला," माधवराव घरी येऊन म्हणाले.

"मग होऊ नका नापास," इंदुताई पोळीला तूप लावत म्हणाल्या.

"त्याच्याकडे काहीतरी आहे. कुठल्या वैद्याचं, हकिमाचं. सांगत नाही कुणाला."

संशयाला जागा होती. इंदरगंजमागच्या गल्लीत दोघांची घरं एका भिंतीची, तरी आठ वर्षांत सूर्याजीरावांनी शेजाऱ्याकडे गोडाचा घास खाल्ला नव्हता. गणपतीचा मोदकसुद्धा रुमालात बांधून नेत. विचारलं तर हसून म्हणत, "घरी जाऊन निवांत खाईन, माधवराव."

दरबारी माणूस शत्रूवर हत्यार काढत नाही, मिसल काढतो. मिसल म्हणजे आपली फाईल. माधवरावांनी कोऱ्या कागदांना नाडी ओवली, वर 'सूर्याजीराव' लिहिलं, मधोमध रेघ मारली. डावीकडे 'ते', उजवीकडे 'आपण'. दुसऱ्या दिवसापासून पहाटे ते गच्चीवर तुळशीला पाणी घालायला लागले. तुळस पंधरा दिवसांत सडली, पण मिसल भरत गेली.

पहिली नोंद: साडेपाचला उठतात. उजवीकडे: आपण पाचला. दुसरी: रात्री भिजवलेली मेथी, एक चमचा, पाण्यासकट. आपण दोन चमचे. तिसरी: कारल्याचा रस, अर्धा पेला. आपण एक पेला, भरून. पुढे जव-हरभऱ्याची भाकरी, पालेभाजी, आवळा, बिनसाखरेचा चहा. संध्याकाळी ऐन जेवणाच्या वेळी महाराज बाड्याच्या चौकाला चार फेऱ्या. आपण सहा.

कारल्याचा भरून पेला माधवरावांना पहिल्याच सोमवारी पावला. दोन दिवस दफ्तराने त्यांना पाहिलं नाही, घरातल्यांनीही फारसं नाही. तेव्हा त्यांनी नाइलाजाने उजवीकडचा आकडा खोडून अर्धा केला. बरोबरीवर यावं लागल्याचं दुःख त्यांना पोटदुखीपेक्षा जास्त झालं.

बाड्यावरची डाळ भरलेली बेडई पुरी आणि जिलेबी हा माधवरावांचा तीस वर्षांचा रविवार. आता ते त्याच दुकानासमोरून मान खाली घालून सहादा जात. हलवाई हाक मारी, "पंडितजी, नाराज हो क्या?" पंडितजी नाराज होते खरे, पण पुढे चाललेल्या त्या ताठ पाठीवर. एकदा सूर्याजीरावांनी मागे वळून पाहिलं.

"वा माधवराव! तुम्हीसुद्धा फिरायला?"

"डॉक्टरने नाही सांगितलं काही. सहज. हवा चांगली आहे."

"एकत्र फिरू की."

"नको, तुमची चाल जरा हळू आहे."

हे बोलून माधवराव असे सुटले की तिसऱ्या फेरीत धापा टाकत घड्याळाच्या खांबाला टेकले. सूर्याजीराव शांतपणे शेजारून गेले आणि जाताना "सांभाळून," म्हणाले. त्या एका शब्दाने माधवरावांची झोप गेली. मिसलीत त्या दिवशी नोंद नाही, फक्त कागद निबाने फाटलेला आहे.

दसऱ्याच्या सुमाराला गंमत झाली. माधवरावांचा कोट सैल झाला. बावीस पायऱ्या ते एका दमात चढले आणि कॅलेंडर बघायचंच विसरले. रात्री छातीवर येणारं ओझं येईनासं झालं. पण याचं सुख घेतील तर ते माधवराव कसले! दफ्तरात कुणी म्हणालं, "काय माधवराव, सूर्याजीरावांसारखे दिसायला लागलात," की उरलेला दिवस तोंड कारल्याचं. स्वतःचा कमरपट्टा दोन भोकं आत गेला होता, आणि हे मोजत होते शेजाऱ्याचा.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बोर्ड बसला. इस्पितळाच्या बाकावर दोघे शेजारी, हातात लेबल लावलेल्या बाटल्या. माधवरावांना आधी बोलावलं. परगावच्या डॉक्टरने छाती ठोकली, नाडी पाहिली, बाटलीवर मान डोलावली.

"बाबूजी, इस उम्र में ऐसी सेहत! खाते क्या हैं?"

माधवरावांच्या तोंडाशी सगळी यादी आली. पण ती कुणाची, हे सांगावं लागलं असतं. "बस, घर का खाना," ते म्हणाले आणि बाहेर येऊन बाकावर ऐसपैस बसले.

सूर्याजीराव आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा कागदावर 'अनफिट' होतं.

माधवरावांना आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याच्या आधी तोंडातून निघून गेलं, "कसं शक्य आहे?"

"साखर," सूर्याजीराव म्हणाले. "लघवीत. आठ वर्षं झाली. संस्थान गेलं त्याच साली ही आली. नोकरी जाईल म्हणून कुणाला बोललो नाही. मेथी, कारलं, चालणं, यावर रेटत आणलं. आज बाटलीने सांगून टाकलं."

माधवरावांनी मनातल्या मनात मिसल उलटली. तीन महिने ते पैलवानाचा खुराक समजून रोग्याचं पथ्य पाळत होते, तेही बहुतेक दुप्पट.

"एक सांगू?" सूर्याजीराव हसले. "तुमचा फार राग यायचा मला. संध्याकाळी वहिनी तूप कढवायच्या, पुरण शिजायचं, वास सरळ भिंतीवरून आमच्यात. मी फिरायला का जायचो वाटतं? त्या वासापासून पळायचो. म्हणायचो, हा माणूस काय नशीब घेऊन आलाय, बसून खातो आणि त्याला काही होत नाही."

घरी येऊन माधवरावांनी हे सगळं इंदुताईंना सांगितलं. त्या भाजी निवडत राहिल्या.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मेथी, कारलं, बिनसाखरेचा चहा. अहो, याला काय हकीम लागतो? शिवाय सुमनताईंनी मला शपथ घालून सांगितलेलं."

सुमनताई म्हणजे सूर्याजीरावांची बायको.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं पोट उतरत होतं."

दिवाळीआधीच भोपाळचा हुकूम हातात पडला. तिथे घर मिळायचं होतं, तोवर एका खोलीत तीन कारकून, आणि इंदुताई मागाहून. ज्या सकाळी टांगा दारात आला, त्या सकाळी सूर्याजीराव मेथीची पुडी घेऊन आले.

"एक चमचा हं, माधवराव. दोन नको."

म्हणजे भिंतीपलीकडूनही कुणीतरी मोजत होतं.

टांगा स्टेशनाकडे, पडावाच्या रस्त्याला लागेपर्यंत माधवराव मागे वळून पाहत होते. सूर्याजीराव आपल्या ओट्यावर बसले. सुमनताईंनी चहा आणून दिला. हलवाई जाता जाता थांबला, दोघं कशावर तरी हसले.

मिसल पुढे इंदुताईंनीच आम्हा गल्लीतल्यांना दाखवली. शेवटची नोंद गाडीत लिहिलेली, अक्षर हललेलं. डावीकडे: 'सकाळी साडेसातला स्वतःच्या ओट्यावर बसतात. घाई नाही.' उजवीकडे 'आपण' एवढंच लिहून पुढची जागा कोरी सोडलेली आहे.