झाकणाच्या आत

चिमटा स्टीलच्या वाटीत पडला आणि दुपारच्या निपचित घरात टण्ण असा आवाज घुमला. तिने ओट्यापासून वळून पाहिलं. सासरे वाटीकडे बघतच नव्हते. ते स्वतःच्या बोटांकडे बघत होते. वर्षानुवर्षांच्या विश्वासू माणसाने एकाएकी उलट उत्तर द्यावं, तसे.

"सूनबाई, ते घड्याळ आण बघू," ते म्हणाले. "सात महिने नुसतं पडून आहे. आतलं तेल सुकून डिंक होतो. हात ऐकतायत तोवर साफ करून ठेवतो. मग बिट्टी मोठी झाली की तिला."

"कपाटात आहे नाना. काढते की."

"मागच्या रविवारीही काढतच होतीस."

ते हसत म्हणाले, म्हणून तिला जास्तच लागलं.

नानांचा उभा जन्म लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता. मुलाला पहिली नोकरी लागली, तेव्हा कुणीतरी मोडीत काढलेलं एक चावीचं घड्याळ त्यांनी महिनाभर खपून चालतं केलं आणि त्याच्या मनगटावर बांधलं. नंतर त्याला किती नवी घड्याळं भेट मिळाली, पण त्याने हे सोडलं नाही.

आणि ते घड्याळ कपाटात नव्हतंच. तो गेला तेव्हा दवाखान्यातून त्याच्या वस्तू एका पिशवीत बांधून तिच्या हाती दिल्या होत्या. त्या पिशवीची गाठ सोडायचा तिला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी दारात आली, तेव्हा तिने ती तशीच आत टाकली, आणि हात धुतले. घड्याळ पिशवीत असणार, हे तिच्या डोक्यात आठवड्याने आलं, दात घासताना. एकुलता एक मुलगा गेलेल्या बापाला हे कुठल्या तोंडाने सांगणार?

म्हणून तिने दोन महिन्यांपूर्वी एका दुकानात घड्याळाचा फोटो देऊन तसंच शोधायला सांगितलं होतं. मंगळवारी तिथून फोन आला. बिट्टीला शाळेतून घेतलं आणि ती परस्पर तिकडेच गेली.

लॉन्ड्री आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं दुकान. काचेआड वापरलेली घड्याळं, जुन्या अंगठ्या, जोडीतली एकटी उरलेली कर्णफुलं. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली इवलीशी चिठ्ठी. दुकानवाल्या बाईंचा चष्मा साखळीने गळ्यात लोंबत होता.

"या, या. तुमचं आलंय."

"हे सगळं जुनं आहे?" बिट्टीने विचारलं.

"वापरलेलं म्हणायचं, राणी. जुनी मी."

बाईंनी मखमलीच्या तुकड्यावर घड्याळ ठेवलं. सायीच्या रंगाची तबकडी, निळे काटे, खाली सेकंदांचं वेगळं चिमुकलं वर्तुळ. तंतोतंत तेच. फक्त ते नव्हे.

"पट्टा नवा लावून देते. चामडं छान आलंय."

"नको. जुना आहे एखादा? तपकिरी. घामाने काळवंडलेला."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग काही न विचारता खालच्या खणातून पट्ट्यांचं भेंडोळं काढलं. "नव्यासाठी माझं डोकं खातात लोक," त्या पुटपुटल्या. "हा चालेल? घ्या. याचे काही नकोत."

तोवर बिट्टीने एक लॉकेट उघडलं होतं. आत टिकलीएवढा एका बाईचा फोटो.

"ही कोण?"

"काय माहीत. आली तेव्हापासून आतच बसलीय. मला काढवत नाही. जो घेईल तो बघेल."

बिट्टीने लॉकेट हलकेच मिटलं, आतल्या बाईला झोप लागली असावी तसं.

बाहेर बसस्टॉपच्या बाकावर ती टेकली. केसांतली पिन काढली आणि पट्ट्याचं चौथं भोक कोरून कोरून सैल करायला लागली. त्याचं मनगट बारीक होतं. तो नेहमी चौथ्यातच अडकवायचा.

"हे बाबांच्या घड्याळासारखं आहे," बिट्टी म्हणाली.

"हो. पण आजोबांना दुकानाचं बोलायचं नाही हं."

"खोटं बोलायचं?"

"खोटं नाही गं. नुसतं गप्प राहायचं."

बिट्टीने समजूतदारपणे मान हलवली. सहा वर्षांच्या मुलीला आपण काय शिकवतोय, हे तिला कळत होतं. पिन मात्र थांबली नाही.

घरी आल्यावर तिने घड्याळ नानांसमोर ठेवलं आणि पुस्तकांना कव्हर घालण्याच्या निमित्ताने तिथेच बसली. नानांनी ते तळहातावर घेतलं. काचेवरून अंगठा फिरवला, पट्टा चाचपला.

"चौथंच भोक," ते म्हणाले. "कारटं कधी जाड झालंच नाही."

तिचा श्वास मोकळा झाला. नानांनी डोळ्याला भिंग लावलं, पातं घालून मागचं झाकण उचकटलं आणि ते उजेडाकडे धरलं.

धरलं ते धरलंच. कातरीखालचा कागद तिच्या हातात अर्धवट राहिला.

"आम्ही घड्याळ उघडलं ना," भिंग न काढता नाना बोलू लागले, "की झाकणाच्या आत बारीक तारीख कोरतो. गिऱ्हाइकाला दिसत नाही. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. त्याच्या घड्याळात माझ्या पाच तारखा होत्या."

तिने कातर खाली ठेवली.

"यात तीन आहेत. तिन्ही हात परके. एकाचं अक्षर तर काय सुरेख आहे."

दहा वर्षं ती या घरात नांदत होती. नानांचं कामाचं टेबल रोज पुसत होती. आणि झाकणाच्या आत काय असतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

"नाना, ती पिशवी मी... मला उघडवलीच नाही..."

"तेल सुकलंय याचंही," नाना म्हणाले. "बिट्टी, तो दिवा इकडे वळव बाळ."

दुपार कलली. नानांनी एकेक चाक सोडवलं, धुतलं, तेलाचे थेंब दिले. दोनदा स्क्रू निसटला, दोनदा बिट्टीने फरशीवर पालथं पडून शोधला. चहा समोर आला, त्यावर साय धरली, तरी नानांची मान वर झाली नाही.

शेवटी त्यांनी कोरायची सुई घेतली. उजवा हात हलत होता, म्हणून डाव्या हाताने मनगट घट्ट धरलं. त्या तीन परक्या तारखांच्या खाली थोडी जागा शिल्लक होती.

"ही पहिली. नोकरी लागली तेव्हाची," ते स्वतःशीच बोलत होते. "ही दुसरी... पावसात भिजवून आणलं होतं गाढवाने. ही तुमच्या लग्नाच्या आधी. ही बिट्टी झाली तेव्हा. धावपळीत चावी द्यायचा विसरला आणि म्हणे, बंद पडलं! आणि ही गेल्या वर्षीची."

एकही तारीख त्यांना आठवावी लागली नाही. आकडे वेडेवाकडे उमटले, पण पाचही उमटले. आजची त्यांनी घातली नाही.

झाकण बसवून त्यांनी चावी दिली आणि घड्याळ बिट्टीच्या ओंजळीत ठेवलं. मग चष्मा पुसायला म्हणून ते तोंड फिरवून बसले. बराच वेळ पुसत राहिले.

बिट्टीने घड्याळ कानाला लावलं. आजोबांच्या पाठीकडे पाहिलं. मग आईजवळ आली, आणि दिलेला शब्द मोडू नये म्हणून तिच्या कानात, अगदी हळू आवाजात विचारलं,

"आई, आता हे बाबांचं झालं का गं?"