जरा खरूज आहे

डॉक्टरांनी मोबाइल खिशात टाकला आणि त्याच हाताने आईच्या पोटावरच्या जखमेची पट्टी सोडायला घेतली.

शेजारी बसलेल्या लेकीचा जीव खालीवर झाला. दुसऱ्या एका हॉस्पिटलात ती स्वतः नर्स होती. हात कधी आणि कसे धुवायचे, हे तिथल्या सगळ्यांना शिकवायचं काम तिच्याकडेच होतं. ‘समोर कोणीही असो, तोंडावर सांगायचं, आधी हात धुवा,’ असं ती वर्गात ठणकावायची. ‘सांगितलं की डूख धरतात हो, सिस्टर,’ असं मागून कुणीतरी पुटपुटायचं. त्यावर ती हसायची.

आता हसू येईना. आईची शुगर चढलेली, जखम अजून ओली. आणि हा डॉक्टर डूख धरून बसला, तर भोगायचं आईला.

“डॉक्टर, जपून हं,” ती हळूच म्हणाली. “आईला जरा खरूज आहे.”

चटका बसावा तसा डॉक्टरांचा हात मागे आला. बेसिनपाशी जाऊन त्यांनी नखं, बेचक्या, अंगठे, मनगटं अशी काही घासली, की वर्गापुढे उभं करून दाखवावं. मग ग्लोव्ह्ज. पट्टी झाल्यावर पुन्हा तेच.

“हे आधी सांगायचं ना!”

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. आई डोळे मिटून पडली होती. लेकीने हसू पदराआड लपवलं.

दुपारपर्यंत वॉर्डभर झालं. सिस्टर ग्लोव्ह्ज घालून आल्या, गोळ्या टेबलाच्या कडेला ठेवून गेल्या. रोज आईची वेणी घालता घालता सुनेच्या कागाळ्या सांगणाऱ्या वॉर्डातल्या मावशी आज दारातूनच म्हणाल्या, “काय आजी, बरं ना?” आणि पुढे सटकल्या.

आईने विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला.

“मावशींचं काही बिनसलंय का गं?”

“कामात असतील. मी घालते ना वेणी.”

फणी उशाशी ठेवून ती सवयीने बेसिनकडे वळली. नळ सोडला.

“तू पण?” मागून आई म्हणाली.

साबणाकडे गेलेला हात लेकीने मागे घेतला. नळ बंद केला. मग पलंगावर आईला खेटून बसली आणि तशाच हातांनी तिचे केस सोडले.