पाचवा तुकडा

पाचवी चिठ्ठी बुधाच्याच शेताची निघाली. दाभोशाच्या वरच्या पाड्यावर भात कितपत पिकलं, याचा अंदाज काढायला कृषी सहायक रंजना मॅडमनी सगळ्या शेतांच्या चिठ्ठ्यांतून पाच उचलल्या होत्या. प्रत्येक शेतात पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद तुकडा आखायचा, तेवढंच भात कापायचं, झोडायचं, तोलायचं. आखायला आणि कापायला बुधा.

चार तुकडे झाले. पाचवा त्याचा, टेकाडावरचा. तिथे त्याच्या बायकोने, पोशीने लावणी केली आणि आठ दिवसांत ती वारली. त्यानंतर बुधाने त्या बांधावर पाय ठेवला नव्हता. गवत भाताच्या वर गेलं होतं. हे चारचौघांनी बघावं, असं त्याला वाटेना. मॅडम खाली खळ्यावर होत्या. त्याने शेजारच्या जिवाच्या शेतात तुकडा आखला, कापला आणि भारा आपला म्हणून खाली आणला.

"सहा किलो दोनशे!" मॅडम खूश झाल्या. "पाचही वजनं सहाच्या आसपास. फरकच नाही. पुढच्या साली दोन तुकडे कापले तरी भागेल."

"बायको गेली, तरी शेत राखलंस रे बुधा," जिवा म्हणाला. "पोशी असती तर पाठ थोपटली असती तुझी."

बुधाची मान खाली गेली.

"दोनच?" हिरी पुढे आली. तिचंही शेत टेकाडावर. "मग आमच्या चढावर कोण येणार, मॅडम? खालचंच भात बघून आमचं लिहाल."

"तो पाचवा भारा माझा नाही," बुधा म्हणाला. "जिवाचा आहे."

"आँ? माझं भात? आणि वर माझ्याकडूनच शाबासकी घेतलीस?"

कुणी हसलं नाही. सगळे टेकाड चढले. बुधाने गवतातून वाट काढत भात कापलं. भरलं एक किलो आठशे. हिरी गवताकडे बघत राहिली, मग तिने मान फिरवली. ते बुधाला बोलण्याहून जड गेलं.

मॅडमनी आधीचा आकडा खोडला. "चार सहाच्या जवळ आणि एक दोनच्याही खाली. एवढा फरक असेल तर पाचांवर भरवसा ठेवता येत नाही. आणखी दहा चिठ्ठ्या काढू. चल बुधा."

"येतो. पण तुकडा दुसऱ्या कुणाला आखू द्या," बुधा म्हणाला. "मी नुसतं कापतो."