चौथ्या कोपऱ्याचा दोर

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. जुना असलो तरी भिकार नाही. माझं कापड जाड आहे, रंग एके काळी हिरवा होता, आणि मला शिवणाऱ्या कारागिराने प्रत्येक शिवण दोनदा घातली होती. आजकालचे ते झटकन उघडणारे, फुग्यासारखे तंबू पाहिले की मला हसू येतं. नव्याचे नऊ दिवस, मी तर पंधरा वर्षं उभा आहे.

माझं कुटुंब चौघांचं. बाबा लोकांना मोटार चालवायला शिकवतात. "आधी आरसा बघा, मग हला," हे वाक्य ते दिवसातून शंभरदा म्हणतात, घरात सुद्धा. आई शाळेच्या वाचनालयात काम करते. दर वर्षी सहलीच्या आधी माझ्या शिवणींवर ती मेणबत्ती घासते, म्हणजे पाणी आत येत नाही. दोन मुली. थोरली ताई, आणि धाकटी, जिला सगळे टकळी म्हणतात. का, ते तिच्याजवळ पाच मिनिटं बसलात की कळेल.

मला उभं करताना या घराचा एक कडक नियम आहे. मुली लहान असताना बाबांनी एकदा सगळ्यांचे दोर पुन्हा आवळले आणि मला भुईसपाट केलं. तेव्हा आईने चौघांना एकेक कोपरा वाटून दिला. आपला कोपरा आपण बांधायचा, आपणच सोडायचा, दुसऱ्याच्या दोराला हात लावायचा नाही. तेव्हापासून भांडण नाही की तंटा नाही. ताईचा कोपरा मागचा, झाडीकडचा. दोर सोडला की ती त्याची नीट गुंडाळी करायची आणि तिच्यावर आपला केसांचा पिवळा रबर चढवून ठेवायची.

गेल्या वर्षी ताईला दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात रक्त तपासण्याची नोकरी लागली. यंदा ठरलं की आधी तळ्याकाठी दोन रात्री राहायचं आणि तिथून थेट ताईकडे जायचं.

आम्ही तळ्यावर पोहोचलो ते धो धो पावसात. छत्री धरायलाही कुणाला हात मोकळा नव्हता. बाबांनी आपला दोर बांधला, आईने आपला, टकळीने बडबडत आपला, आणि तिघंही आत पळाले. मी वाकडा उभा राहिलो. मागच्या कोपऱ्यात आईने खाऊच्या डब्यांची जड पेटी ठेवली, म्हणून तो कोपरा जागेवर तरी राहिला. पण वरचं कापड सैल पडलं, त्यात पाणी साठलं आणि थेंब थेंब करत आत गळू लागलं. दोन दिवस पाऊस थांबला नाही. बाबांची उशी भिजली, टकळीची गोष्टीची पुस्तकं भिजली, बिस्किटांचा लगदा झाला. सगळे मला नावं ठेवत होते. माझी अवस्था म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार! सांगणार कसं, की बाबांनो, जरा मागे जाऊन बघा?

निघतानाही तेच. प्रत्येकाने आपापला दोर सोडला आणि मला ओलाच गुंडाळून गाडीत कोंबलं.

रस्ता सहा तासांचा होता. डिकीत माझ्या अंगाला कुबट वास येऊ लागला. पुढून बोलणं ऐकू येत होतं.

"आता पुरे," बाबा म्हणाले. "हा तंबू म्हातारा झाला. पहिली कचराकुंडी दिसली की टाकतो."

"अहो, शिवणींना मेण मी स्वतः लावलंय," आई म्हणाली. "शिवण गळणार नाही."

"मग पाणी काय आकाशातून आलं?"

"आकाशातूनच आलं ना, बाबा," टकळी म्हणाली.

पेट्रोल पंपावर बाबांनी मला खरंच बाहेर काढलं. मी घाबरलो, लपवून काय उपयोग? पंधरा वर्षांची चाकरी, आणि शेवट केळ्याच्या सालींशेजारी! पण ओल्या अंगाने मी दुप्पट जड झालो होतो, आणि त्या कुंडीच्या तोंडात माझं अर्धं अंगही मावेना. बाबा घामाघूम झाले आणि मी पुन्हा डिकीत गेलो.

ताई इमारतीच्या दारात उभी होती. ती आईला बिलगली, तिने टकळीला उचललं आणि मग ती नाक मुरडत डिकीकडे आली.

"बाबा! ओला गुंडाळलात?"

"फेकायचाय गं तो. गळतो."

"मग फेकताना तरी कोरडा फेका. चला, गच्चीवर."

गच्चीवर ऊन होतं. तीन दिवसांनी मला ऊन लागलं. दोघी बहिणींनी मला कपडे वाळत घालायच्या तारांवर पसरलं, आणि झटकता झटकता ताईच्या हाताला माझा मागचा कोपरा लागला. दोराची गुंडाळी तशीच होती. वर पिवळा रबरही तसाच.

"हा कुणी बांधलाच नाही?" तिने विचारलं.

टकळीची टकळी एकदम थांबली. मग ती म्हणाली, "तो तुझा आहे ना."

आईने तोंडावर हात ठेवला. जगाला मागचं बघायला शिकवणारे बाबा दोन दिवसांत एकदाही माझ्या मागे गेले नव्हते. ते नुसतेच म्हणाले, "पाऊस होता. आम्ही तिघांनी बांधले आणि वाटलं, झालं. तू बांधला असशीलच, असं सवयीने धरून चाललो बघ."

ताई किती तरी वेळ त्या रबराशी चाळा करत राहिली. "मला वाटायचं, तुम्हाला माझ्याशिवाय सवय झाली असेल," ती म्हणाली, आणि रडायला लागली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचेही डोळे कोरडे नव्हते. एवढ्या वर्षांत मी यांना ऊन-पावसापासून जपलं, पण त्या गच्चीवर मला जेवढी माया वाटली, तेवढी कधी वाटली नव्हती.

मग ताईने डोळे पुसले, रबर काढला आणि टकळीच्या केसांना लावला. तिने टकळीला आपली गाठ शिकवली.

"मी नसेन तेव्हा हा कोपरा तू बांधायचा."

"आणि तू आलीस की?"

"तेव्हा हात लावून तर बघ!"

संध्याकाळी बाबांनी स्वतः माझी घडी घातली, आधी चारही बाजूंनी फिरून. कचराकुंडीचं नाव कुणी काढलं नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या तंबूचं एवढं ऐका. आम्हाला ओलं गुंडाळू नका, आम्ही कुजतो. काही गळायला लागलं, तर टाकून देण्याआधी एकदा मागच्या बाजूला जाऊन बघा. आणि तुमच्या घरातलं कुणी लांब गेलं असेल, तर त्याचा दोर तेवढ्यापुरता बांधा, पण कोपरा त्याच्याच नावावर राहू द्या.