धरायचा दांडा

दांडा किती उंचीवर लावायचा, असं विचारून ठेकेदार टेप हातात धरून उभा राहिला. घरमालकीण भिंतीकडे पाहत राहिली.

दाराशी दर नियंत्रण कार्यालयाची तपासनीस उभी होती. काम कबूल केलेल्या दरात पुरं होतंय ना, हे पाहायला ती आली होती.

घरमालकिणीच्या आईला जिना चढवेना, म्हणून या लेकीनं तळमजल्यावर न्हाणीघर बांधायला काढलं होतं. ठेकेदारानं भिंत फोडली आणि मग राडारोड्याचे वेगळे, देखरेखीचे वेगळे, असे पैसे वाढवत नेले. लेकीनं हात टेकले, काम थांबलं, आणि तिनं कार्यालयात तक्रार केली. सगळा खर्च आधीच सांगायचा, मागाहून वाढवायचा नाही, हा नवा नियम तिच्या बाजूनं होता. पण सुनावण्या होऊन निकाल लागेपर्यंत आईनं त्या फुटक्या भिंतीशी, पडद्याआड, बादलीवर दिवस काढले आणि एके सकाळी ती गेली.

तपासनीसानं लेकीला समजावलं होतं, की आता पैसे परत घेतले तरी चालतील. तिनं ऐकलं नाही. ठरलं होतं तेच बांधून हवं, म्हणाली.

कार्यालयाच्या लेखी हे प्रकरण जिंकलेलं होतं. तपासनीसाला मात्र घरात शिरल्यापासून आपण कुणाच्या तरी वाटेत उभ्या आहोत असं वाटत होतं. ती सारखी बाजूला सरकत होती.

शेवटी लेक पुढं झाली. तिनं पाठ वाकवली, एक खांदा खाली सोडला आणि डावा पाय ओढत भिंतीपर्यंत गेली. तळवा भिंतीवरच्या फरशीवर टेकवला.

"इथं."

"ताई, हात काढा, खूण करतो," ठेकेदार म्हणाला.

"हात असतानाच करा. काढला तर जागा सापडायची नाही."

त्यानं तिच्या बोटांच्या कडेनं पेन्सिल फिरवली. रेघ वाकडी आली.

दांडा बसला. तपासनीसानं नळ सोडून पाहिला. पाणी नीट वाहून जात होतं. ती नळ बंद करणार, तोच लेकीनं खुणेनंच दोघांना बाहेर बोलावलं आणि दार हलकेच ओढून घेतलं. आत पाणी वाजत राहिलं. ती दाराला कान लावून उभी राहिली.

"कडी लावू नकोस हं, आई. मी आहे इथंच."

तपासनीसानं मान खाली घातली. ठेकेदार वाकला आणि एकेक हत्यार, आवाज होऊ न देता, पिशवीत ठेवू लागला.