तीन नंबरच्या खिडकीसमोरचे स्टूल

बाई गेल्याचे कळले, ती सकाळ मला आठवते. शिपाईमामा रोज चपला घासत येतात, खिडकीचे शटर वर ढकलतात आणि मला भिंतीजवळून ओढून खिडकीसमोर ठेवतात. त्या दिवशी ते आले, माझ्याजवळ थांबले आणि शटरला त्यांनी हातच लावला नाही. मागे मुलांची रांग लागली होती. एका मुलाने विचारले, "मामा, मॅडम आज तरी आल्यात का?"

"नाही रे बाळा. काल गेल्या मॅडम."

त्या मुलाला वाटले, गावाला गेल्या. तो म्हणाला, "मग परत कधी येणार?"

मामांनी मला भिंतीजवळून ओढले. ते माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी बसले नव्हते. ते बसले तेव्हा मुलाला कळले, आणि मलाही.

मित्रांनो, मी एक जुने, उंच, लाकडी स्टूल आहे. एका विद्यापीठाच्या विद्यार्थी मदत विभागात, तीन नंबरच्या खिडकीसमोर माझे आयुष्य गेले. शिकायला पैसे कमी पडतात अशी मुले या खिडकीशी येतात. खिडकीच्या आत बाई बसायच्या, बाहेर मी असायचे. आमच्या दोघांच्या मध्ये एक काच होती. त्या काचेला खालच्या बाजूला बोलण्यासाठी अर्धगोल भोक होते. माझी सगळी गोष्ट त्या भोकापासून सुरू होते.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. हा सुतार म्हणजे बाईंचा नवरा. एका संध्याकाळी बाई ऑफिसातून थेट शेडमध्ये आल्या.

"अहो, मला एक स्टूल करून द्या. ऑफिसात न्यायचंय."

"का? तुमच्या ऑफिसातल्या खुर्च्या संपल्या?"

"माझ्यासाठी नाही हो, पोरांसाठी. ती खिडकी कुठल्या शहाण्याने केलीय कोण जाणे. बोलायचं भोक एवढं खाली. पोरं वाकून बोलतात, वाकून ऐकतात, आणि कंबर दुखली की निम्मं ऐकून निघून जातात. भीक मागायला आल्यासारखं वाटतं त्यांना. मलाच कसंतरी होतं."

"बरं. उंची किती ठेवू?"

"पोरगं बसलं की त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले पाहिजेत."

"अगं, ही काय उंची झाली? फुटात सांग."

बाईंना फुटात सांगता येईना. मग सुताराने फळ्यांची चळत रचली, बाईंना तिच्यावर बसवले आणि स्वतः समोर, बाईंच्या ऑफिसातल्याएवढ्या उंच खुर्चीवर बसला. एक फळी काढ, एक घाल, पुन्हा काढ, असे बराच वेळ चालले. शेवटी दोघांचे डोळे अगदी समोरासमोर आले.

"हं, हीच उंची," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता माप घेणार आहात, की बघतच बसणार?"

असे माझे माप ठरले. एका जुन्या दाराच्या लाकडातून सुताराने मला घडवले. पाय खाली थोडे फाकलेले ठेवले, म्हणजे कोणी धाडकन बसले तरी मी कलंडू नये. पाय टेकायला आडवी पट्टी दिली. कडा घासून गोल केल्या, म्हणजे कोणाचा कपडा अडकू नये. मला पॉलिश लागले तेव्हा मी स्वतःवर फार खूश होते.

ऑफिसात मात्र माझे स्वागत झाले नाही. विभागाचे साहेब म्हणाले, "खिडकीसमोर स्टूल? पोरं गप्पा मारत बसतील. रांग हलणार नाही."

बाई म्हणाल्या, "साहेब, रांग लांब का दिसते माहितीये? तीच तीच पोरं परत येतात म्हणून. एकदा बसवून नीट सांगितलं की परत येणार नाहीत."

साहेबांनी महिनाभर बघू म्हटले. त्यानंतर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. एकदा तर जेवणाच्या सुट्टीत ते स्वतः माझ्यावर बसून आपल्या भाच्यासाठी चौकशी करताना मी पाहिले आहे. पाहिले म्हणजे काय, मीच त्यांच्या खाली होते.

बाईंचा नियम एकच होता. आधी बसायचे, मग बोलायचे. कोणी घाईत उभ्याने बोलू लागले की त्या काचेवर पेनाने टकटक करायच्या. मुले बसायची. पहिल्यांदा अगदी कडेवर, आता कोणी उठवेल अशा बेताने. थोड्या वेळाने त्यांचे पाय पट्टीवर टेकायचे. पाय टेकले की बाई खरे बोलणे सुरू करायच्या.

त्यांचे सांगणे ऐकून ऐकून मला पाठ झाले आहे. घरची मिळकत कमी असेल तर फीसाठी अनुदान असते. आई किंवा वडील नसतील तर त्याचे वेगळे असते. डोळ्यांची, कानांची, हातापायांची अडचण असेल तर आणखी एक असते. घरातले पहिलेच कोणी विद्यापीठात आले असेल तर त्याच्यासाठी काही ठेवलेले असते. वसतिगृह, पुस्तके, येण्याजाण्याचा पास, यांसाठी लहान लहान अनुदाने असतात. आणि वर्षाच्या मध्येच घरावर संकट कोसळले तर तातडीची मदत असते, ती तर फारशी कोणाला ठाऊकच नसते. मुले एक अर्ज करून उठू लागायची. लगेच टकटक.

"उठलास कशाला? बस. अजून दोन आहेत तुझ्यासारख्यांसाठी."

एके वर्षी, अर्जांच्या शेवटच्या दिवशी, एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी रसायनशास्त्र शिकत होती. महिन्यापूर्वी ती माझ्यावर बसून फीच्या अनुदानाचा अर्ज भरून गेली होती. वडील बेकरीत काम करत. त्यांच्या भुवयांत अजून पीठ होते.

"आमचा अर्ज परत द्या," ते म्हणाले.

"का हो? काय झालं?"

"आमच्या घरात आजवर कोणी दान घेतलं नाही."

"दान कोण देतंय तुम्हाला?"

"तुमच्याच कागदावर छापलंय. अनुदान. म्हणजे दानच ना? पुढे अनु लावलं म्हणून काय झालं?"

रांगेत कोणीतरी हसले. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, हळू बोला ना."

"हळू काय? एक वर्ष माझ्याबरोबर बेकरीत ये. दोघं मिळून कमवू. मग शिक पुढे."

मुलीने माझी कड घट्ट धरली. एक वर्ष म्हणून थांबलेली मुले मी ओळखत होते. ती क्वचितच परत माझ्यावर बसायला आली.

बाई म्हणाल्या, "आधी बसा. मग बोलू."

"तू बस," वडील मुलीला म्हणाले.

"नाही बाबा, तुम्ही बसा."

"मी दिवसभर उभाच असतो. बस तू."

"म्हणूनच तर म्हणते, तुम्ही बसा."

दोघांच्या मध्ये मी रिकामेच. वडील भोकाशी वाकून बोलत होते, आणि वाकावे लागल्यामुळे आणखी चिडत होते. शेवटी मुलीने त्यांच्या खांद्यावर दाब देऊन त्यांना खाली बसवले. बाईंचे आणि त्यांचे डोळे समोरासमोर आले.

"बेकरीत काय करता तुम्ही?" बाईंनी विचारले.

"पाव भाजतो."

"मग मला सांगा, माझं पीठ घरी फुगतच नाही. काय करू?"

त्यांचा आवाज लगेच बदलला. "कसं फुगेल? दुकानातली यीस्टची पूड टाकत असाल. आमच्याकडे कालच्या पिठातला गोळा ठेवतात. तो आज घालायचा. आजच्यातला उद्यासाठी काढून ठेवायचा. माझ्या वस्तादांच्या वेळपासून चालत आलंय ते."

"म्हणजे आजचं पीठ कालच्या पिठाचं दान घेतं म्हणा की."

"छे! दान कसलं? तो गोळा त्याच्यासाठीच तर ठेवलेला..."

ते बोलता बोलता थांबले. मागे मुलीने तोंडावर हात धरला.

"मॅडम, तुम्ही बोलण्यात पकडता माणसाला."

"मी कुठं पकडलं? पाववाले तुम्ही. आधी शिकून गेलेल्यांनी काही ठेवलंय, काही सगळ्यांच्या करातून येतं. तेल-साखर घेताना तुम्हीही तो कर भरताच. शिकणाऱ्यासाठीच ठेवलेलं आहे हे."

"आणि परत मागाल तेव्हा?"

"कोणी मागत नाही. परत करायचं ते कर्ज. त्याची खिडकी शेजारची. तिकडे बघूसुद्धा नका."

वडील उठले, मला हाताने झटकले, कारण माझ्यावर पीठ सांडले होते, आणि म्हणाले, "राहू द्या अर्ज. पण कागदावरचा तो शब्द बदला."

"ते माझ्या हातात नाही. खिडकीवर आपण काहीही म्हणू."

तेव्हापासून आमच्या खिडकीवर अनुदानाला 'जुनं पीठ' म्हणू लागले. मुले येऊन विचारायची, "मॅडम, जुनं पीठ आलं का?" साहेबांनी एकदा ऐकले आणि म्हणाले, "काय हो, ऑफिसात गिरणी काढलीत का?"

बेकरीवाले आले होते त्या दिवशी संध्याकाळी सुतार बाईंना न्यायला आला. बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अहो, याला जोडीदार हवा."

"कुणाला?"

"स्टुलाला. बाप-लेक येतात, मायलेकरं येतात. तू बस, तुम्ही बसा, करत दोघंही उभेच राहतात."

"काहीतरी मोठं करून सांगतेस."

"एकदा येऊन बघा म्हणजे कळेल."

सुतार हसला आणि हो म्हणाला. त्याच जुन्या दाराचे लाकूड शिल्लक होते. पण आज करू, उद्या करू म्हणता म्हणता काही वर्षे गेली, तेव्हा कुठे त्याने पाय करायला घेतले. तेवढ्यात बाई आजारी पडल्या. मग तो दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसू लागला आणि शेडला कुलूप लागले.

बाई रजेवर असताना माझे हाल झाले. रंगकामवाले माझ्यावर उभे राहिले, त्यांच्या रंगाचे ठिपके अजून माझ्या अंगावर आहेत. मग कोणी माझ्यावर फायली रचल्या. मुले पुन्हा वाकून बोलू लागली. पण माझी तक्रार नाही. जे मला मिळाले ते फार थोड्या स्टुलांना मिळते. घाबरून आलेली मुले मी हलकी होऊन उठताना अनुभवली आहेत.

बाई गेल्यावर काही आठवड्यांनी सुतार त्यांच्या वस्तू न्यायला आला. चष्म्याचे घर, कप, पाठीमागची लहान उशी. तो पिशवी भरत होता तेव्हा बेकरीवाले आणि त्यांची मुलगी आले. मुलगी आता पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. वडिलांच्या हातात कागदात गुंडाळलेला पाव होता. ते बाईंना भेटायला आले होते. त्यांना काही माहीत नव्हते.

मामांनी सांगितले. दोघेही भिंतीला टेकले. मामा म्हणाले, "बसा जरा."

"बाबा, बसा."

"तू बस. लांबून आलीस."

"तुमचे गुडघे दुखतात ना? बसा."

"मला काही होत नाही. तू बस."

मी मध्ये रिकामेच. सुतार पिशवी धरून बघत होता. तो हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. म्हणाला, "हे ती रोज सांगायची. मला वाटायचं, मोठं करून सांगते."

बेकरीवाल्यांनी पाव त्याच्या हातात दिला. "वस्तादांचंच पीठ आहे," एवढेच म्हणाले.

सुताराने मला उलटे करून सांधे तपासले, एक पाचर ठोकली आणि मामांना सांगितले की हे इथेच राहू दे. आता खिडकीत नव्या मॅडम आहेत. त्यांनाही मामांनी नियम सांगितला आहे. आधी बसवायचे.

मित्रांनो, शिकताना अडलात तर अशा खिडकीशी जा. लाजू नका, उभ्याने विचारू नका, आणि एक उत्तर मिळाले म्हणून लगेच उठू नका. तुमच्यासाठी कोणीतरी काहीतरी काढून ठेवलेले असते. आणि ज्यावर बसाल त्याला जरा जपा.

मामा सांगत होते, शेडचे कुलूप उघडले आहे आणि दुसऱ्या स्टुलाचे पाय तयार आहेत. ते शेडमध्ये भिंतीला टेकून ठेवले आहेत. बैठक अजून कापायची राहिली आहे.