चावी नंबर एक

माझ्या दुकानात आलेला माणूस आधी विचारतो, "मालक कुठायत?" मी म्हणते, "समोर उभ्या आहेत." मग तो मला बॅटरीबद्दल चार गोष्टी शिकवतो, मी त्या ऐकून घेते आणि शेवटी त्याच्या मनातली नाही, त्याच्या गाडीला चालणारी बॅटरी त्याच्या हातात ठेवते. वडिलांच्या मागे हे दुकान चालवते आहे तेव्हापासून हे असंच आहे. माझी जीभ तिखट झाली असेल तर ती यामुळेच.

शिंपीकाकांनी मालकांची चौकशी केली नाही. आमच्याच रस्त्याच्या टोकाला त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, हल्ली ते बंदच असायचं. काका आत आले, काउंटरला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मुलाच्या गाडीला चांगली बॅटरी पाहिजे. पण बदलताना करंट क्षणभरसुद्धा तुटता कामा नये."

त्यांच्या मुलाचं काय झालं ते सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. पोरगा ताडमाड उंच, सगळे त्याला लंबू म्हणायचे. त्यानं हौसेनं एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती, दोनच दारांची, पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी. लंबू तिच्यात घडी घालून शिरायला लागला की लोक हातातलं काम सोडून बघत बसायचे. गेल्या उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर गावाबाहेरच्या तलावावर पोहायला गेला आणि वर आलाच नाही. गाडीची चावी त्याच्या खिशात होती. तो सापडला नाही, चावीही सापडली नाही. तो तलावच मेला वाईट, लंबूच्या आधी कुणाकुणाची लहान पोरंही त्यानं गिळली होती.

"गाडी चालवतं कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही. गॅरेजमध्ये उभी असते. पण बॅटरी जागेवरच चार्ज केली तरी पंधरवड्यात उतरायला लागते. आता तर ती चार्जही धरत नाही."

"काका, उभ्या गाडीला दांडगी बॅटरी नको, सोशिक हवी." मी त्यांना समजावलं. शर्यतवाले वजन वाचवायला हलकी लिथियमची घालतात, तो त्यांचा शौक. काकांना बंद पेटीची, जिच्यातून काही सांडत नाही आणि जी पडून राहिली तरी दम धरते, ती एजीएम पुरे होती. सोबत एक छोटा चार्जर, तो कायमचा जोडून ठेवायचा. "पण आधी करंट कोण पितंय ते शोधू. भोक तसंच ठेवून बादली भरायचे उद्योग मी करत नाही."

"शोधू नका," काका म्हणाले. "नुसती बॅटरी घाला. आणि अंधार पडायच्या आत आटपा."

असं कुणी सांगितलं की मी हटकून शोधते.

गॅरेजमध्ये गाडीवर काकांनी स्वतः शिवलेलं आच्छादन होतं. अंगाबरोबर बेतलेलं, आरशांना बाह्या काढलेल्या, कुठे चुणी म्हणून नाही. एवढं नेटकं माझ्या लग्नातही मला कुणी शिवलं नव्हतं. मी तसं बोलूनही दाखवलं. काका कसनुसं हसले.

बॅटरी पुढच्या झाकणाखाली होती. तिच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली होती, ती मी घासून काढली. काकांकडची दुसरी चावी खाचेत घालून गाडी चालू केली आणि हत्यारांची पिशवी सहज ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली, तर बेल्टची घंटी वाजायला लागली. वाजली, थांबली, पुन्हा वाजली.

"सीटवर वजन पडलं की ही ओरडते," मी म्हटलं. "पिशवी हलकी आहे, म्हणून तिचं नक्की ठरत नाहीये, आत माणूस आहे की नाही."

पिशवी उचलली, घंटी गप्प झाली. मग गाडी बंद करून त्या चावीतला सेल काढला आणि चावी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण दाबलं. असल्या गाड्यांना चावी जवळ आलेली कळते. ती आसपास असली की त्या जाग्या राहतात आणि बॅटरी खातात. हाच दोष असणार, अशी माझी खात्री होती. केबलभोवती मीटर लावून मी वाट बघत बसले. हळूहळू करंट उतरत गेला आणि जवळजवळ शून्यावर आला.

"बघा, झोपली. तुमच्याच चावीचा प्रताप होता."

 काका दाराच्या फटीतून बाहेरचं ऊन बघत होते, आणि ऊन उतरलं होतं. ते उठले, पलीकडचं दार उघडून शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि हात मांडीवर ठेवून थांबले.

मीटरवरचा आकडा एकदम वर गेला. दाराची कुलपं खटकली. दुमडलेले आरसे कान टवकारावेत तसे बाहेर आले. समोरच्या पट्टीवर अक्षरं उजळली, चावी नंबर एक. आणि ड्रायव्हरची रिकामी सीट घरघर करत मागे गेली, अगदी शेवटपर्यंत मागे, आणि थांबली.

"आला," काका म्हणाले. बसची वाट बघणारा माणूस म्हणतो, तितक्याच साधेपणानं.

मी डब्याकडे पाहिलं. दुसरी चावी डब्यात होती, तिचा सेल माझ्या खिशात. नंबर एक तलावाच्या तळाशी.

"काका, आतल्या एखाद्या सर्किटचा दोष असू शकतो."

"असू द्या. म्हणूनच म्हटलं, शोधू नका." त्यांनी ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. "रोज याच वेळेला येतो. दिसत काहीच नाही. पण सीट मागे जाते, त्याच्या पायांना लागायची तेवढी. मला तेवढं पुरतं. करंट तुटला तर त्याच्या चावीवर ठरलेली त्याची बैठक गाडी विसरेल. मग तो आला हे मी कशावरून ओळखायचं?"

त्या म्हाताऱ्याची मला भीती वाटली आणि दयाही आली, दोन्ही एकदमच. उद्या भर उन्हात येते असं सांगून मी सटकणार होते. पण बॅटरी तपासली तर ती अखेरच्या घटका मोजत होती. सकाळपर्यंत ती संपली असती आणि तिच्याबरोबर लंबूची बैठकही. थांबून चालणार नव्हतं.

अशा कामाची आमची एक रीत आहे. एक मदतीची बॅटरी आणायची, तिच्या तारा चिमट्यांनी गाडीच्या केबलना लावायच्या, आणि मग जुनी सोडवायची. नवी बसेपर्यंत गाडीला कळतसुद्धा नाही की आपल्या पोटातलं काही काढलंय. माझ्या हातून एकाही गाडीची आठवण आजवर पुसली गेली नव्हती, आणि ही फुशारकी मी गिऱ्हाइकांना न विचारताच ऐकवते.

थोड्या वेळानं पट्टी विझली, आरसे दुमडले. "गेला," काका म्हणाले, "आता उद्याच." ते तसेच बसून राहिले. मी चिमटे लावले, ओढून बघितले, जुनी बॅटरी सोडवली आणि दोन्ही हातांनी वर उचलली.

कुलपं पुन्हा खटकली, पट्टी उजळली.

मी दचकले. बॅटरीचा कोपरा चिमट्याला लागला, चिमटा सुटला आणि गाडीत काळोख झाला.

चिमटा पुन्हा लावला. नवी बॅटरी बसवली, पट्टा आवळला, टोकांना व्हॅसलीन फासलं. मग सेल नसलेली चावी डब्यातून काढून खाचेत घातली, तिथे तिला सेल लागत नाही, आणि गाडी चालू केली. गाडीचं घड्याळ बारावर लुकलुकत होतं. खाचेत दुसरी चावी असूनही पट्टीवर पुन्हा चावी नंबर एक आलं, पण सीट जागची हलली नाही.

"विसरली," काका म्हणाले.

"काका, मला माफ करा."

तेवढ्यात मोटर कुरकुरली. सीट हलली, पण सरळ नाही. जरा पुढे, थांबली, आणखी जरा पुढे. नवख्यानं बटण चाचपडावं तशी. पुढे, पुढे, पार स्टिअरिंगला टेकेपर्यंत, आणि मग होईल तितकी वर. मधला आरसा आपोआप खाली कलला. आणि बेल्टची घंटी वाजली. वाजली, थांबली, पुन्हा वाजली.

काका आता पूर्ण वळून बघत होते. त्यांनी हात लांब करून ड्रायव्हरचा बेल्ट ओढला आणि खटकन लावला. घंटी गप्प झाली. बेल्ट सीटला चिकटला नाही. रिकाम्या हवेवर तो फुगून राहिला, वर एक उतार, खाली एक हलका उंचवटा, वर-खाली होणारा.

काकांनी वीत पसरून त्या उतारावर धरली, न टेकवता. आयुष्यभर ज्यांनी अंगं मोजली त्यांना टेप लागत नाही.

"हे माप लंबूचं नाही," ते म्हणाले. "आठेक वर्षांचं पोर आहे. खांदे केवढेसे आहेत बघा."

मी बघितलं, आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे रोज हेच यायचं," काका म्हणाले. "चावी ह्याला सापडली असेल तिथे खाली. चावी लंबूची, म्हणून गाडी लंबूची बैठक मांडायची. आणि मी वर्षभर..." तोंडावर हात घेऊन ते रडले, आवाज न करता. लंबूसाठी त्यांना रडताना रस्त्यातल्या कुणी पाहिलं नव्हतं.

"काका, चार्जर राहू दे," मी म्हटलं. "ही बॅटरीच काढून नेते. गाडी बंद पडली की कुणी यायचं नाही."

 काकांनी डोळे पुसले आणि सैल राहिलेला बेल्ट दोन बोटांनी नीट केला, गळ्याला लागत असलेला अंगरखा सोडवावा तसा.

"इतके दिवस पार मागे बसत होतास होय रे," ते त्या रिकाम्या जागेला म्हणाले. "पाय पोचत नसतील. बाहेरचंही काही दिसत नसेल."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, चार्जर जोडाच. आणि ही बैठक लक्षात ठेवायला गाडीला कसं सांगायचं तेवढं दाखवा."

मी त्यांना बटण दाखवलं.